‘बहिणाबाईची गाणी’ : संकटाची कविता वाचायची तर कोणती प्रत घ्यावी, कुठून सुरुवात करावी

संकटाला तोंड देणारी मराठी कविता कुणाला हवी असेल, तर मी आधी हे पुस्तक सुचवेन. बहिणाबाई चौधरी डिसेंबर १९५१मध्ये गेल्या आणि पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ते प्रसिद्ध झालं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी ही गाणी उतरवून ठेवली, म्हणून ती टिकली.

मोबाइलवर फिरतं ते बहुधा ‘अरे संसार संसार’चं पहिलं कडवं. चटके आधी, भाकर नंतर, एवढंच लोकांच्या लक्षात राहतं. पुस्तकाची खरी ताकद मात्र ‘आता माझा माले जीव’ या वैधव्याच्या कवितेत आहे. तिची बांधणी नीट पाहावी. जे गेलं त्याच्या लगेच शेजारी जे उरलं ते येतं: कुकू पुसलं, गोंदण उरलं; बांगड्या फुटल्या, मनगटातलं कर्तृत्व उरलं; झाड गेलं, सावली उरली. धीर धरा, सगळं ठीक होईल, असं एकदाही म्हटलेलं नाही. रडणंही लपवलेलं नाही, आसवं सरेपर्यंत ते चालतं. शेवटी आयाबायांना सरळ सांगणं येतं की माझी कीव करू नका. अडचणीतून उठण्याचं इतकं नेमकं चित्रण मराठीत फार थोड्या ठिकाणी सापडतं.

त्यानंतर लगेच ज्योतिषाला दारातून परत पाठवणारी कविता वाचावी. पहिल्या कवितेत कुंकवाखाली लपलेली कर्माची रेखा उघडी पडते, इथे तळहाताच्या रेघोट्यांना किंमतच उरत नाही. ‘दोन लाल’, म्हणजे दोन मुलगे, दोन्हींकडे आहेत. नशिबाकडून कष्टाकडे झालेला प्रवास या जोडीतच कळतो. ‘मन वढाय वढाय’ मग घ्यावी.

अडखळायला होतं ते बोलीमुळे. खानदेशी लेवा बोलीत ‘ळ’चा बहुधा ‘य’ होतो (डोया, गया, मियते), ‘ला’चा ‘ले’ होतो (माले, हाताले) आणि ‘पुसून’चं ‘पुशीसनी’. एवढं ध्यानात ठेवलं की निम्मा अर्थ लागतो. शेतीचे शब्द मात्र उरतात. मोट (विहिरीतून पाणी ओढायचं साधन), रगडणी (कणसं तुडवून दाणे काढणं), उपणणी (वाऱ्यावर दाणे आणि भूस वेगळं करणं) न पाहिलेल्या वाचकाला शब्दार्थांशिवाय ती पानं जड जातात. शिवाय सगळीच गाणी संकटाची नाहीत, सण, शेतं आणि माणसांचीही बरीच आहेत.

वाचायचं ते मोठ्याने. बहुतेक चरण आठ अक्षरांचे आहेत. ‘पुशीसनी गेलं कुकू’ मोजून पाहा. बोली ‘शुद्ध’ करायला गेलं की घोळ होतो: ‘पुसून गेलं कुंकू’ सातच अक्षरांचं होतं आणि म्हणताना चरण लंगडतो. ‘ठेयीसनी’ (ठेवून), ‘निघीसनी’ (निघून) यांचंही तेच. इंटरनेटवर अशा दुरुस्त्या सर्रास दिसतात, म्हणून छापील प्रतच घ्यावी.

बाजारात एकाहून जास्त आवृत्त्या आहेत. दुकानात ‘आता माझा माले जीव’ उघडून ‘पुशीसनी’ तसंच छापलंय का बघा, मग कठीण शब्दांचे अर्थ दिलेत का ते बघा. अत्र्यांची प्रस्तावना असलेली मिळाली तर तीच घ्या, पण प्रस्तावना कवितांनंतर वाचा.