पीईएमएफच्या नावाखाली विकलेली गादी

माझ्या आईला ‘पीईएमएफ मॅट’ म्हणून १ लाख ३८ हजार रुपयांना विकलेल्या गादीत पीईएमएफ, म्हणजे लयीत कमी-जास्त होणारं (स्पंदित) विद्युतचुंबकीय क्षेत्र, नाही. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवतो. गादी मी स्वतः उसवून पाहिली. विकणारी मंडळी आता कराडमधलं दुकान गुंडाळून विट्याकडे गेली आहेत असं कळलं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या घराजवळ एक गाळा भाड्याने घेऊन त्यांनी ‘थेरपी सेंटर’ उघडलं. बाहेरच्या फ्लेक्सवर गुडघेदुखी, मधुमेह, रक्तदाब, पक्षाघात अशी यादी होती आणि खाली ‘औषधाविना, ऑपरेशनविना, पूर्णपणे मोफत’. आई निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. गुडघ्यांची झीज झालेली, बीपीची गोळी चालू, मी पुण्यात, घरात ती एकटी. सेंटरमध्ये सकाळी प्रार्थना व्हायची, टाळ्यांचा व्यायाम व्हायचा, मग ४० मिनिटं गरम गादीवर झोपायचं. हजेरीवही होती. महिनाभर न चुकता येणाऱ्याला स्टीलचा डबा. तिथल्या मुली कुणाला आई, कुणाला आजी म्हणायच्या. आई शाळेत होती हे कळल्यावर तिला सगळे ‘बाई’ म्हणू लागले. तिच्या वाढदिवसाला केक आणला, पाया पडले. माझा फोन दोन दिवसांआड जायचा, त्या मुली रोज भेटायच्या. या धंद्याचं खरं भांडवल हेच आहे. जिथे घरातली माणसं कामासाठी बाहेरगावी गेलेली आहेत, अशाच वस्त्या हे लोक निवडतात, असं माझं ठाम मत आहे.

सत्र संपलं की माइक फिरायचा आणि ‘अनुभव सांगा’ म्हणून एकेकाला उभं केलं जायचं. कुणाची काठी सुटली, कुणाची साखर उतरली. ज्याला फरक पडला नाही तो अशा वेळी माइक हातात घेत नाही, त्यामुळे कानावर फक्त बऱ्या झालेल्यांच्या गोष्टी पडतात. नंतर हातात धातूची कांडी देऊन कॉम्प्युटरवर ‘क्वांटम ॲनालिसिस’ करायचे आणि यकृतापासून मणक्यापर्यंतचा जाडजूड छापील रिपोर्ट हातात ठेवायचे. कांडीला तळहाताच्या ओलसरपणापलीकडे फारसं काही कळू शकत नाही. मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय हे रक्त-लघवी तपासल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. पण आईच्या रिपोर्टमध्ये ‘किडनी कमकुवत’ आलं आणि त्या रात्री तिला झोप लागली नाही. आठवड्याभरात तिने मुदत ठेव मोडली.

विकताना त्यांनी जे सांगितलं त्यातलं बरंच खरं होतं, म्हणून तर ते पटतं. स्पंदित विद्युतचुंबकीय क्षेत्राने उपचार होतात हे खोटं नाही. कोलंबिया विद्यापीठातले अस्थिशल्यविशारद अँड्र्यू बॅसेट यांनी १९७० च्या दशकात न जुळणाऱ्या हाडांवर अशी उपकरणं वापरली आणि १९७९ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने त्या कामासाठी मान्यता दिली. पण ते उपकरण मोडलेल्या जागेवर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रोज कित्येक तास लावायचं असतं. त्याच्या मान्यतेचा आधार घेऊन मधुमेह बरा करायची गादी विकता येत नाही. सांध्यांच्या, मुख्यतः गुडघ्यांच्या, झिजेबद्दल कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या संस्थेचा २०१३ चा आढावा आहे: ९ अभ्यास, ६३६ रुग्ण. त्यात वेदना काहीशी कमी झाल्याचं दिसलं, पण हालचाल किंवा जगण्याच्या दर्जात तसा खात्रीचा फरक दिसला नाही. प्रामाणिक विक्रेता असेल तर तो एवढंच सांगेल.

‘नासाने सिद्ध केलंय’ हेही ऐकवलं गेलं. नासाचा २००३ चा एक अहवाल खरोखर आहे, पण तो प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवरचा आहे. गादीवर झोपलेल्या माणसांशी त्याचा संबंध नाही. रिमोटवर ७.८३ हर्ट्झ हा आकडा चमकत होता, ‘पृथ्वीच्या हृदयाचे ठोके’ म्हणून. जमीन आणि आयनोस्फिअर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) यांच्या मधल्या पोकळीत या वारंवारतेच्या लहरी असतात. शूमान या शास्त्रज्ञाने त्या १९५२ मध्ये गणिताने वर्तवल्या होत्या. पण त्यांची चुंबकीय तीव्रता पृथ्वीच्या नेहमीच्या क्षेत्राच्या कोट्यंशाइतकीसुद्धा नसते, आणि तो आकडा पडद्यावर दाखवायला गादीत काहीही असावं लागत नाही.

गादीत खरोखर काय आहे ते मी दिवाळीत घरी गेल्यावर पाहिलं. फोनमध्ये मॅग्नेटोमीटरचं, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारं, ॲप असतं. ते टेबलावर चाळीसच्या आसपास मायक्रोटेस्ला दाखवत होतं, हे पृथ्वीचं क्षेत्र. गादीवर ठराविक ठिकाणी आकडा शेकड्यांत गेला. मग मी प्लग काढला. आकडा तसाच राहिला. पुन्हा चालू केलं, ७.८३ वर ठेवलं, तरी काटा जागचा हलेना. सेकंदाला आठ वेळा क्षेत्र बदलत असेल तर फोनच्या सेन्सरला ती थरथर दिसायला हवी. शिवण सोडली तेव्हा आत निघालं ते असं: गरम होणारी वायर, एक थर्मोस्टॅट, हिरवट दगडांचे मणी आणि डिंकाने चिकटवलेल्या फेराइटच्या काळ्या चकत्या, म्हणजे साधे कायम चुंबक. कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, एकही नाही. कॉइलशिवाय स्पंदित क्षेत्र तयार होत नाही. आईला शेकाने बरं वाटत होतं, ते खरंच होतं. शेकाने दुखणाऱ्या सांध्याला आराम पडतो आणि शेकाची पिशवी औषधाच्या दुकानात काहीशे रुपयांत मिळते.

पैशापेक्षा मला जास्त राग दुसऱ्या गोष्टीचा आहे. “बाई, महिनाभर गोळी बंद ठेवून बघा, शरीराला स्वतःहून काम करू द्या,” असं तिथल्या एका मुलीने आईला सांगितलं. गोळी बंद झाली. डोकं जड होऊ लागलं, चक्कर यायला लागली, तेव्हा उत्तर मिळालं की शरीरातला कचरा बाहेर पडतोय, हे चांगलं लक्षण आहे. मी पोचलो त्या दिवशी बीपी १९० वर १०४ होतं. आणि तिच्या भजनी मंडळातल्या एक काकू पेसमेकर बसवलेल्या असूनही रोज त्या गादीवर झोपत होत्या. कुणी विचारलंच नव्हतं. चुंबक पेसमेकरच्या जवळ आला तर त्याचं काम बदलू शकतं, म्हणून निदान १५ सेंटीमीटर अंतर ठेवा असं सांगितलं जातं. त्या काकूंना आईनेच तिथे नेलं होतं, कारण ‘दोघींना आणा, कमिशन मिळेल’ हीही योजना होती. आईने नेलेल्या बायकांपैकी एका मैत्रिणीने गादी विकतही घेतली. आई त्यानंतर कित्येक आठवडे भजनाला गेली नाही.

पैसे मागायला गेलो तेव्हा व्यवस्थापकाने बिल वाचून दाखवलं. त्यावर ‘वेलनेस ॲक्सेसरी, वैद्यकीय उपकरण नाही’ असं बारीक अक्षरात होतं. आजार बरे करण्याचे दावे फक्त तोंडी आणि फ्लेक्सवर. सुदैवाने आईने वाढदिवसाला काढलेल्या फोटोत मागे तो फ्लेक्स पूर्ण दिसत होता, आणि गोळी बंद करण्याबद्दलचा व्हॉट्सॲपवरचा आवाजी निरोप तिने पुसला नव्हता. आमची बाजू या दोन गोष्टींवरच उभी आहे. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या यादीत मधुमेह, रक्तदाब आणि पक्षाघात हे तिन्ही आहेत. ते बरे करण्याची जाहिरात करणं हाच गुन्हा आहे, आणि त्याची तक्रार जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. माणसं जोडण्याच्या कमिशनवर चालणाऱ्या योजनांना २०२१ च्या थेट विक्री नियमांनी बंदी आहे.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली आणि रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली, त्यानंतर कंपनीकडून फोन आला: निम्मे पैसे परत, पण ‘माझी काही तक्रार नाही’ असं लिहून द्या. गादी घेतलेल्या आईच्या मैत्रिणीने ते घेतलं, तिची नड होती. आई म्हणाली, “मी सही करणार नाही. मी तिथे बायकांना नेलंय.” आता प्रकरण साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात आहे. खरेदी ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते.

तुम्हाला खरोखर पीईएमएफ मॅट घ्यायचीच असेल, तर आधी आपल्या अस्थितज्ज्ञाला विचारा. पेसमेकर, ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं इम्प्लांट, इन्सुलिन पंप किंवा गरोदरपण असेल तर त्यांच्या सांगण्याशिवाय जवळ जाऊ नका. विक्रेत्याकडून पृष्ठभागावरची तीव्रता गाउसमध्ये आणि वारंवारता हर्ट्झमध्ये लेखी मागा. आजारावर उपाय म्हणून विकत असेल तर वैद्यकीय उपकरणाचा परवाना क्रमांक मागा. २०२० पासून अशी उपकरणं कायद्याने औषधाच्या व्याख्येत येतात. ‘एफडीए नोंदणीकृत’ असं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं दिसलं तर लक्षात घ्या की अमेरिकेची एफडीए अशी प्रमाणपत्रं देतच नाही, आणि नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे. परत करण्याची मुदत बिलावर लिहून घ्या. लिहून देत नसतील तर तिथेच थांबा. आणि घरात एकटे राहणारे आई-वडील सकाळी नेमाने कुठल्या सेंटरला जातात, तिथे एकदा स्वतः जाऊन बसा. माझ्याकडचा फ्लेक्सचा फोटो आणि नोटिशीचा मसुदा कुणालाही उपयोगी पडत असेल तर मी तो द्यायला तयार आहे.