दगड, भिंत की वही? युद्धविरोधकांचं राष्ट्रीय स्मारक गोव्यात करायचं तर

फोंड्यातल्या आमच्या बैठकीत पहिला तासभर दगड कुठला यावरच गेला. एक निवृत्त मास्तर म्हणाले, चिरा हा आमच्या मातीतला दगड, तोच हवा. बांधकामातले एक गृहस्थ शांतपणे म्हणाले, "चिऱ्यावर अक्षर धरत नाही, मास्तर." खरं आहे. चिऱ्याच्या भोकाभोकांत पाणी मुरतं, कड झिजते आणि दोन पावसाळ्यांत शेवाळ वर चढतं. त्यानंतर काळा पाषाण, कडाप्पा, ग्रॅनाइट अशी चर्चा रंगली आणि मूळ प्रश्न तसाच राहिला: युद्ध नको म्हणणाऱ्यांचं, शांततेसाठी झटणाऱ्यांचं राष्ट्रीय स्मारक गोव्यात व्हावं असा प्रस्ताव पाठवायचा आहे, पण ते असावं कसं? जगात अशी स्मारकं कशी आहेत ते पाहून लिहून काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पुढच्या बैठकीत हात वर करण्याआधी हे वाचून या, एवढंच मागणं.

आधी एक गल्लत दूर करतो. युद्धात मेलेल्यांचं स्मारक आणि युद्धाला नकार देणाऱ्यांचं स्मारक या दोन निराळ्या गोष्टी. पहिल्या प्रकारची गावोगाव आहेत. दुसऱ्या प्रकारची हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि ती बहुतेक गेल्या तीस-पस्तीस वर्षांतली.

त्यातला मला सर्वांत भावलेला नमुना लंडनच्या टॅव्हिस्टॉक चौकातला. एक ओबडधोबड स्लेटचा दगड, त्यावर छोटीशी पाटी. १५ मे १९९४ रोजी संगीतकार मायकेल टिपेट यांनी त्याचं अनावरण केलं. हे टिपेट दुसऱ्या महायुद्धात लष्करी कामाला नकार दिला म्हणून स्वतः तुरुंगात जाऊन आले होते. पाटीवर कुणाचंही नाव नाही. जीव घेण्यास नकार देण्याचा हक्क ज्यांनी मिळवला आणि जे तो टिकवून आहेत, त्या सगळ्यांना, अशा आशयाचा मजकूर आहे. 'टिकवून आहेत' हा वर्तमानकाळ मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्यामुळे दगड फक्त मेलेल्यांचा राहत नाही. त्याच चौकात १९६८ पासून गांधीजींचा पुतळा आहे आणि हिरोशिमाच्या आठवणीत १९६७ मध्ये लावलेलं चेरीचं झाड आहे. दरवर्षी १५ मेला माणसं तिथं जमतात. म्हणजे खर्च एका दगडाचा, पण त्याला एक तारीख आणि शेजार मिळाला. आमच्याकडे पुतळे भरपूर आहेत. कमी पडते ती वर्षातून एकदा तरी तिथं फिरकणारी माणसं.

ब्रिटनला हा दगड साधला, कारण तिथं नकार देणाऱ्यांची व्याख्या सरळ होती. १९१६ मध्ये सक्तीची लष्करभरती आली आणि हजारोंनी ती नाकारली. दुसऱ्या महायुद्धात हा आकडा साठ हजारांच्या घरात गेला. भारतात मात्र सक्तीची भरती कधी रुजलीच नाही. मग आपण दगड कुणासाठी मांडणार?

या प्रश्नाचं उत्तर आहे आणि ते मराठी माणसाला ठाऊक असायला हवं. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला विनोबांनी युद्धविरोधी भाषण केलं आणि वैयक्तिक सत्याग्रह सुरू झाला. पहिले सत्याग्रही विनोबा, दुसरे नेहरू. या युद्धाला माणूस किंवा पैसा देऊ नका, एवढंच सांगत लोक एकेक करून अटक करवून घेत होते. वीस हजारांहून अधिक लोक तुरुंगात गेले. 'चले जाव'च्या गर्जनेत हे प्रकरण झाकोळलं, शाळेच्या पुस्तकात तर दोन ओळींत संपतं. पण युद्धाला नाही म्हटलं म्हणून इतकी माणसं तुरुंगात गेल्याचं दुसरं उदाहरण आपल्याकडे मला आठवत नाही. प्रस्तावात 'राष्ट्रीय' हा शब्द घालायचा असेल, तर तो या माणसांच्या बळावर घालावा.

आता भिंत. बैठकीत बहुतेकांच्या डोळ्यांसमोर वॉशिंग्टनची व्हिएतनाम भिंत होती. १९८२ साली उभी राहिलेली, काळ्या ग्रॅनाइटची, ५८ हजारांहून अधिक नावांची. 'तशीच आपण शांतिवाद्यांची करू' हे वाक्य मी तीनदा ऐकलं. अडचण अशी की सैनिकाची नोंद लष्कराकडे असते. नाव, हुद्दा, तारीख, सगळं तयार. युद्धाला विरोध करणाऱ्याची नोंद कुणाकडे असते? फार तर पोलिसांकडे. त्या भिंतीच्या उत्तरादाखल शांतिवाद्यांचं राष्ट्रीय स्मारक वॉशिंग्टनमध्ये व्हावं म्हणून २००५ पासून तिथली एक संस्था झटते आहे. तिने भिंतीआधी नोंदवही हाती घेतली: कुणी कुठल्या युद्धाला कसा विरोध केला, पुराव्यानिशी. शिवाय वॉशिंग्टनच्या सरकारी जमिनीवर स्मारक उभारायला १९८६ च्या कायद्याप्रमाणे संसदेत स्वतंत्र कायदाच करावा लागतो. दगडाआधी कागद असा क्रम तिथं पडला, आणि तो आपल्यालाही सोयीचा आहे.

भिंतीवर नावं कोरायची म्हटली की गोव्यात काय होईल, याची झलक बैठकीतच मिळाली. कुणीतरी (मीच तो) मानुएल वासालो इ सिल्वा यांचं नाव काढलं. शेवटचे पोर्तुगीज गव्हर्नर जनरल. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय फौजा गोव्यावर आल्या तेव्हा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची तार आली होती: शरणागती नाही, आमचे सैनिक एक तर विजयी होतील नाही तर मरतील. या गृहस्थांनी १९ डिसेंबरला शरणागती पत्करली. काही पूल उडवले गेले, पण सगळं बेचिराख करून मरण्याचा हुकूम त्यांनी पाळला नाही. दोन्ही बाजूंचे मिळून पन्नासच्या आसपास सैनिक पडले, ती संख्या हजारांत जाऊ शकली असती. लिस्बनने त्यांना १९६३ साली लष्करातून बडतर्फ केलं, सन्मान परत मिळाला तो १९७४ च्या क्रांतीनंतर. मग हा माणूस युद्धविरोधक का? समोरून उत्तर आलं, "वसाहतीच्या गव्हर्नराचं नाव आमच्या भिंतीवर? हुतात्म्यांच्या घरच्यांना तोंड कसं दाखवायचं?" मला त्यावर उत्तर सुचलं नाही, आजही सुचलेलं नाही. पण ज्या भिंतीवर ते नाव घालायचं की वगळायचं याचा निकाल आधीच लावावा लागतो, ती भिंत बांधू नये असं माझं मत झालं.

उलट बाजूची नावंही तितकीच निसरडी. तरुणपणी पॅरिसात बाँब करायची विद्या शिकून आलेले सेनापती बापट मे १९५५ मध्ये नानासाहेब गोऱ्यांबरोबर नि:शस्त्र तुकडी घेऊन गोव्याच्या हद्दीत शिरले. खुद्द गांधीजींनी १९१८ मध्ये गुजरातच्या खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पायपीट केली होती. सत्याग्रही आणि युद्धविरोधक ही माणसं एकच नव्हेत. गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीला १५ ऑगस्ट १९५५ रोजी हात रिकामे ठेवून गोळ्या झेलणारे सत्याग्रही होते, आणि पुढे लष्कर पाठवा म्हणणाऱ्यांतही सत्याग्रही होते. त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. कोरलेलं नाव मात्र माणसाच्या आयुष्यातला एकच दिवस दाखवतं.

एकट्या व्यक्तीचा पुतळा हा पर्याय मी थोडक्यात निकाली काढतो. जॅनेट रँकिन या अमेरिकी लोकप्रतिनिधीने १९१७ मध्ये आणखी ४९ जणांसोबत आणि १९४१ मध्ये एकटीने युद्धाच्या विरुद्ध मत दिलं. १९८५ पासून तिचा पुतळा त्याच संसदेच्या इमारतीत आहे. तिथं तो शोभतो, कारण घटना त्या छपराखालची. आपल्याकडे पुतळा म्हणजे वर्षाला दोन हार आणि बाकीचे दिवस कावळे.

व्हिएन्नाचा नमुना मात्र डोक्यात ठेवा. नाझी सैन्यातून पळून गेलेल्यांसाठी आणि लष्करी न्यायालयांनी ज्यांचा बळी घेतला त्यांच्यासाठी तिथं २०१४ साली स्मारक झालं, तेही थेट चॅन्सेलरच्या कचेरीसमोर. तीन पायऱ्यांची, आडवी पडलेली इंग्रजी एक्स अक्षराच्या आकाराची फुली. वर 'एकटा' एवढ्याच अर्थाचे दोन इंग्रजी शब्द, कवितेसारखे परत परत मांडलेले. नाव नाही, भाषणही नाही. त्या न्यायालयांनी तीस हजारांच्या आसपास मृत्युदंडाच्या शिक्षा दिल्या होत्या. पळपुटे म्हणून ज्यांना साठ-सत्तर वर्षं हिणवलं, त्यांना देशाने सत्तेच्या दारासमोर जागा दिली. तिथं जागेनेच निम्मं काम केलं.

अक्षरं कमी असण्याचा गोव्यात आणखी एक फायदा, तो सांगायला नको. मजकूर मराठीत, देवनागरी कोंकणीत की रोमी कोंकणीत, यावर आपण स्मारकाचं उद्घाटन सहज दहा वर्षं लांबवू शकतो.

आणि जी काही अक्षरं असतील ती जपून. हिरोशिमाच्या कमानीखालच्या शिळेवरचा मजकूर साधारण असा: शांतपणे विसावा घ्या, ही चूक पुन्हा होणार नाही. मूळ जपानी वाक्यात कर्ता नाही. १९५२ मध्ये आपले न्यायमूर्ती राधाविनोद पाल (जपानी नेत्यांवरच्या टोकियो खटल्यातले एक न्यायाधीश) तिथं गेले आणि त्यांनी नेमकं हेच विचारलं, चूक कुणाची? बाँब टाकणारे तर जपानी नव्हते. त्या एका वाक्यावरचा वाद पुढे कित्येक वर्षं चालला.

पण हिरोशिमाकडून घ्यायची खरी गोष्ट शिळेच्या पोटात आहे. तिथं दगडी पेटीत नावांच्या वह्या ठेवलेल्या आहेत. दर ६ ऑगस्टला नवी नावं त्यांत जातात, आणि पावसाळी दिवस सुरू होण्याआधी त्या बाहेर काढून पान न् पान वाऱ्याला धरतात. हे वाचलं आणि मला आमच्या वाचनालयाचं मागचं कपाट आठवलं, जिथं जुन्या दिवाळी अंकांची वाळवीने माती केली. दमट हवेत वही जगवायची तर कुणीतरी तिला दरवर्षी हात लावावाच लागतो. भिंतीला कुणी हात लावत नाही. वहीत नाव उशिरा घालता येतं, त्यापुढे दोन ओळी लिहिता येतात, 'याबद्दल मतभेद आहेत' असंही लिहिता येतं. वासालो इ सिल्वा वहीत मावतात, बापटही मावतात.

जागेचं बोलायचं तर सुचलेल्या चारही जागा मी मनाने फिरून आलो. पत्रादेवीला हुतात्मा स्मारक आधीच आहे. त्यांच्या अंगणात दुसरा विचार नेऊन बसवणं मला बरं वाटत नाही. आग्वादच्या तुरुंगात २०२१ पासून स्वातंत्र्यसैनिकांचं संग्रहालय आहे, गर्दीही मोठी, पण तिथली अर्धी गर्दी समुद्राचे फोटो काढायला आलेली असते. पणजीचं आझाद मैदान मोर्चे, धरणी आणि सभांनी गजबजलेलं, ते तसंच राहू दे.

उरलं मुरगाव. त्याचं नाव निघालं तेव्हा बैठकीत कुणी मान वर केली नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ होता, म्हणून मुरगाव बंदरही तटस्थ. जर्मन आणि इटालियन व्यापारी जहाजं तिथं आसऱ्याला होती. मार्च १९४३ मध्ये ब्रिटिशांच्या बाजूच्या छुप्या टोळीने ती तटस्थता मोडली आणि बंदरात जहाजं पेटली. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याच बंदराला जपानचं 'तेइया मारू' आणि स्वीडनचं 'ग्रिप्सहोम' ही जहाजं लागली. एकातून जपानच्या ताब्यातले दीडेक हजार अमेरिकी आणि इतर देशांचे नागरिक उतरले, दुसऱ्यातून तेवढेच जपानी. माणसांची अदलाबदल झाली आणि जहाजं परत गेली. याला युद्धविरोध म्हणता येणार नाही. पण एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोन देशांनी माणसं मोजून सुखरूप परत केली, तीही आपल्या बंदरात, आणि तिथं याची आठवण सांगणारं काही माझ्या तरी पाहण्यात नाही. अडचणी आहेतच. बंदराची जमीन बंदराची, बाहेरची कोमुनिदादची (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी संस्था), किनाऱ्याला किनारा नियमनाचे निर्बंध. भिंत किंवा इमारत म्हटली तर ना हरकत दाखल्यांतच आपली हयात जाईल. एका दगडाला जागा मागणं त्या मानाने सोपं.

जागा चुकली की काय होतं याचं सर्वांत जुनं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. कलिंगच्या युद्धात लाखभर माणसं मारली गेली, दीड लाख देशोधडीला लागली, याचा पश्चात्ताप अशोकाने तेराव्या शिलालेखात कोरवला. तो गिरनारला आहे, कालसीला आहे, पार शाहबाझगढीलाही आहे. कलिंगात, धौलीला मात्र नाही! तिथं तो वगळून वेगळेच लेख कोरले गेले.

तर माझं मत असं. भिंत नको, पुतळा नको. मुरगावला बंदर दिसेल अशा जागी काळ्या पाषाणाचा एक दगड, त्यावर तारीख आणि फार तर एक ओळ. वही फोंड्याच्या वाचनालयात, काचेच्या पेटीत नव्हे तर टेबलावर, मागेल त्याला चाळता येईल अशी. दिवस १७ ऑक्टोबर, विनोबांचा. त्या सुमाराला पाऊस ओसरलेला असतो, मुरगावची अदलाबदलही त्याच महिन्यातली, आणि वह्या उन्हाला घालायला तोच काळ बरा. पैसे कमी पडले तर दगड पुढच्या वर्षी, वही आधी.

दोन गोष्टी प्रस्तावात स्पष्ट लिहा. वहीत नाव घालायचा अर्ज कुणीही करू शकेल, आणि नाकारलं तर कारण त्याच वहीत लिहिलं जाईल. आणि बांधकामवाल्या गृहस्थांना दगडाची उंची कळवायची आहे. माणसाला टेकून बसता येईल इतकीच ठेवा असं मी त्यांना सांगितलंय. कुंपण घालायचं का, हे तेवढं रविवारी ठरवू.