केमोची मळमळ, गोळ्यांची सांधेदुखी: ॲक्युपंक्चरला जावं की घरीच बिंदू दाबावा?

आमच्या कळंब तालुक्यातून ॲक्युपंक्चरसाठी, म्हणजे अंगावरच्या ठराविक बिंदूंवर बारीक सुया टोचून घ्यायला, नागपूर गाठायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, भाडं जमतं. दिवस जमत नाही. स्तनाच्या कॅन्सरच्या उपचारात मला हा प्रश्न दोनदा पडला. एकदा केमोच्या मळमळीसाठी, नंतर कॅन्सर परतू नये म्हणून घ्यायच्या लेट्रोझोलच्या गोळीनं सांधे धरले तेव्हा. दोन्ही वेळी उत्तर वेगळं निघालं.

आधी एक सांगते. शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, "सुईनं गाठ जिरते म्हनतेत व माय, केमो कायले घेतं?" गाठ सुईनं जिरत नाही आणि बिंदू दाबूनही नाही. दोन्ही फक्त त्रास हलका करण्यासाठी, तेही कॅन्सरचे उपचार चालू ठेवून. केमो थांबवा म्हणणाऱ्याकडून तिथल्या तिथे उठून या.

मळमळीसाठी मी घरचा उपाय निवडला. तळहाताच्या बाजूला मनगटाच्या घडीपासून कोपराच्या दिशेनं आपलीच तीन बोटं आडवी ठेवायची. जिथं तिसरं बोट संपतं, तिथं दोन शिरांसारख्या ताठ दोऱ्यांच्या मध्ये तो बिंदू येतो. अंगठ्यानं दोन-तीन मिनिटं दाबायचा. याच जागी सुईही टोचतात, आणि केमोच्या मळमळीवर सुईचा बराच अभ्यास झाला आहे. पण केमोनंतरचे पहिले दिवस घरच्या मोरीपर्यंत जाणं जड, तिथं बसचे धक्के कोण खाणार? दाबण्याचा पुरावा मात्र मिश्र आहे. खऱ्या आणि खोट्या (मुद्दाम भलत्याच जागी दाबलेल्या) बिंदूत फरक दिसला नाही, असेही अभ्यास आहेत. मला आराम पडला, पण थोडाच. म्हणून मळमळ थांबवायची ऑनडान्सेट्रॉनची गोळी मी एकदाही चुकवली नाही, तुम्हीही चुकवू नका. पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल तर बिंदू शोधत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा.

सांधेदुखीत पारडं उलटं झालं. सकाळी बोटं मिटत नव्हती, भाकरी थापताना मनगटात कळ यायची, जिना कठड्याला धरून चढावा लागे. घरी दाबून काहीच फरक पडला नाही. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, पॅरासिटामॉल दिली, त्याच गटातली दुसरी गोळी बदलून पाहता येईल असंही म्हणाले. हे सगळं आधी करून बघा, कारण ते गावात राहून होतं. माझी खरी भीती वेगळी होती. ही गोळी वर्षानुवर्षं घ्यायची असते, आणि दुखण्याला कंटाळून कितीतरी बाया ती मधेच सोडतात. मग कॅन्सर परतण्याचा धोका वाढतो.

याच दुखण्यावर अमेरिकेत २२६ बायांवर झालेला अभ्यास २०१८ साली छापून आला. सहा आठवडे आठवड्यातून दोनदा, पुढचे सहा आठवडे एकदा सुया दिल्या. पहिल्या सहा आठवड्यांत दहापैकी सुमारे दोन गुणांनी दुखणं घटलं. मुद्दाम भलत्या जागी खोट्या सुया दिलेल्यांत किंवा सुयांविना नुसती वाट पाहणाऱ्यांत सुमारे एका गुणानं. फार मोठा फरक नाही. पण ज्या बाईची गोळी सुटायला आली आहे, तिला एक गुणही पुष्कळ.

म्हणजे अठरा फेऱ्या. होळीनंतर कापूस वेचणी संपली तेव्हा मी बहिणीकडे नागपूरला राहायला गेले. वेचणीच्या दिवसांत किंवा पेरणीच्या तोंडावर हे सुरू करू नका. चार फेऱ्यांनी सोडाल आणि पैसे जातील.

पहिल्या ठिकाणी कुणी रक्ताचा रिपोर्टच विचारला नाही, मी परत फिरले. दुसरीकडे सुया देणाऱ्या बाईंनी आधी पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स पाहिल्या, कुठल्या बाजूचं ऑपरेशन ते विचारलं. काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूच्या हाताला सुई लावायची नाही, तिथं सूज येऊ शकते. सुया माझ्यासमोर नव्या पाकिटातून काढल्या. इंजेक्शनपेक्षा किती बारीक! टोचताना मुंगी चावल्यासारखं, मग जागा जड झाली. अर्धा तास पडून राहिले. केमो चालू असेल, रक्त पातळ करायची गोळी असेल, तर कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसूच नका. महाराष्ट्रात २०१५ चा ॲक्युपंक्चरचा कायदा आहे, त्याखाली नोंदणी होते. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. पूर्ण कोर्सचे पैसे एकदम मागितले तर सहा आठवड्यांचेच द्या.

मला चौथ्या आठवड्यात फरक जाणवला. थंडीत बोटं अजून आखडतात, पण भाकरी मीच थापते. लेट्रोझोल चालू आहे, तिसरं वर्ष.