कोकणकन्या आणि म्हापशाची बस: आठ महिन्यांच्या वापरानंतर, पनवेल ते कळंगुट

हे टिपण गोव्याला रेल्वेने आणि बसने जाणाऱ्या आपल्यासारख्या, म्हणजे दोन पुरुषांच्या जोडप्यांसाठी. गाडीचं कौतुक, बोगदे, धबधबे, सगळं इतरांनी लिहून ठेवलंय. मला आधी एकाच गोष्टीवर बोलायचंय: पनवेलची तारीख.

मडगावला जाणारी कोकणकन्या (गाडी क्रमांक २०१११) सीएसएमटीहून रात्री ११:०५ ला सुटते. ठाण्याला पावणेबाराच्या सुमारास येते, तोवर तारीख तीच असते. पनवेलला पोचेपर्यंत बारा वाजून गेलेले असतात आणि तारीख बदललेली असते. म्हणजे शुक्रवारी रात्री जेवून निघायचं असेल तर ठाण्याहून शुक्रवारचं तिकीट काढायचं, पनवेलहून शनिवारचं. नेरूळ-खारघरच्या माणसाने सवयीने शुक्रवार टाकला की त्याला मिळते गुरुवारी रात्रीची गाडी. तो शुक्रवारी रात्री बॅग घेऊन फलाटावर येतो तेव्हा ती गाडी जाऊन चोवीस तास झालेले असतात. परतावा शून्य, आणि चढलाच तर विनातिकीट. सुटायची वेळ ०० ने सुरू होताना दिसली की हात थांबवायचा आणि बोटावर वार मोजायचे, याला दुसरा उपाय नाही.

तत्काळला तर हा घोळ दुप्पट होतो. तिथे दिवस मोजतात गाडी मूळ स्टेशनातून सुटते त्या तारखेपासून. पनवेलची शनिवारची गाडी मुळात शुक्रवारी सुटलेली, म्हणून तत्काळ उघडतं त्याच्या एक दिवस आधी, गुरुवारी: एसीचं सकाळी १० ला, स्लीपरचं ११ ला. शनिवारचं तिकीट म्हणून शुक्रवारी दहाला लॉगिन करून बसणाऱ्याच्या हाती वेटिंगच लागतं. शिवाय जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आधार जोडलेलं खातं लागतं. ते आदल्या रात्रीच तपासून ठेवायचं, दहाला पाच कमी असताना नाही.

यावर माझा तोडगा असा: तिकीट ठाण्यापासून काढायचं आणि बोर्डिंग, म्हणजे चढायचं स्टेशन, तेवढं पनवेल ठेवायचं. तारीख शुक्रवारचीच टाकायची, भाड्यात फरक किरकोळ. एरवी मी दहा रुपयांसाठी पण भांडतो, हे पैसे मात्र मुकाट्याने देतो. तसंही कोकण रेल्वेच्या रुळांवर भाड्यासाठी अंतर ४० टक्के वाढवूनच धरतात, त्यात हे काय मोठं. फक्त बोर्डिंग पनवेल केल्यावर मूड बदलून ठाण्याला चढायला जाऊ नका, तिथे तो बर्थ तुमचा नसतो.

आरएसीबद्दल माझं मत मधल्या काळात बदललं. आधी आरएसी दिसलं की तिकीट नकोच म्हणायचो: पूर्ण भाडं घेऊन अर्धा बर्थ देतात. पण एकाच पीएनआरवर दोघांना आरएसी आलं, तर बहुतेक वेळा एकच साइड लोअर दोघांच्या वाट्याला येते. मधली पाठ खाली पाडली की सलग गादी होते, एकाचं डोकं खिडकीच्या या टोकाला, दुसऱ्याचं त्या टोकाला, मध्ये चार पाय आणि एक चादर. दोन पुरुष रात्रभर एका बर्थवर, आणि डब्यात कुणी ढुंकून बघत नाही, कारण रेल्वेनेच बसवलंय. फर्स्ट एसीचा दोन बर्थचा कूपे मिळावा म्हणून कितीतरी जास्त पैसे मोजणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, कूपे फॉर्ममध्ये निवडता येत नाही, चार्ट लागल्यावरच कळतो. चौघांच्या केबिनमध्ये दोन अनोळखी काकांसोबत पडलात तर पैसे पाण्यात.

उतरायचं थिवीला. मडगावचं तिकीट नावाच्या ओळखीने काढलं जातं, पण कळंगुट-बागा उत्तरेला आहे. मडगावहून पणजी, पणजीहून कळंगुट, म्हणजे पन्नासेक किलोमीटर उलटं यायचं. थिवीहून म्हापसा दहा-अकरा किलोमीटर, पुढे कळंगुट साधारण तेवढंच. स्टेशनाबाहेर आधी टॅक्सीवाले गाठतात. बाग्यापर्यंतचं भाडं ऐकलं की कळतं, ठाण्याहून इथपर्यंतच्या स्लीपरला एवढे पडले नव्हते. ओला-उबर गोव्यात चालत नाहीत. पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल, म्हणजे पायलट, एकट्याला परवडते. दोघांना दोन पायलट लागतात आणि हिशेब पुन्हा टॅक्सीजवळ जातो. म्हणून टॅक्सीवाल्यांच्या मागे बघायचं, म्हापशाची बस उभी असेल तिथे. नसली तर मुख्य रस्त्यापर्यंत चालायचं. सुटे पैसे हातात ठेवा.

म्हापसा स्टँडवर एक चूक हमखास होते. कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेची, पणजी शटल खिडकीवर तिकीट देते, रांग नीट असते, म्हणून नवखा माणूस तिथेच उभा राहतो आणि न थांबता पणजीला पोचतो. कळंगुट-बाग्याच्या बसमध्ये मात्र थेट बसायचं, तिकीट कंडक्टर आत देतो. हणजूण-वागातोरला बस कमी आहेत, वाट बघायची तयारी हवी. गुरुवारी रात्री निघालात तर पोचता शुक्रवारी, म्हणजे म्हापशाच्या बाजाराच्या दिवशी. मग मांडीवर तुमची बॅग आणि पायाशी कुणाची तरी केळ्यांची टोपली.

बसचे दर आणि फेऱ्या यावर मी खूश आहे, संध्याकाळनंतरच्या शुकशुकाटावर नाही. अंधार पडला की फेऱ्या झपाट्याने कमी होतात, त्यामुळे दिवसाच्या मांडवीने संध्याकाळी उतरणाऱ्याला शेवटी टॅक्सीच करावी लागते. कोकणकन्या त्यासाठीच बरी. उलट बाजू अशी की सकाळी पोचता आणि खोली दुपारी मिळते, तेव्हा बॅग ठेवून घेतील का हे आधीच फोनवर विचारा.

त्याच फोनवर पलंगाचंही बोलून घ्या. ६ सप्टेंबर २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या कलम ३७७ वरच्या निकालानंतर समलिंगी जोडप्यांची कायद्याची भीती गेली, उरला तो गादीचा प्रश्न. बुकिंग ॲपवरचं ‘कपल फ्रेंडली’ लग्न न झालेल्या मुलगा-मुलीसाठी असतं, आपल्यासाठी नव्हे. दोन पुरुषांची नावं दिसली की खोली देतात, पण प्रेमाने डबल बेडचे दोन सिंगल करून ठेवतात. ‘एकच डबल बेड, आम्ही जोडपं आहोत’ एवढं स्पष्ट सांगायचं. पलीकडून ‘बरं’ आलं की ती जागा गे-फ्रेंडली समजा, इंद्रधनुष्याचा स्टिकर असो वा नसो. लांब शांतता पसरली तर दुसरा नंबर फिरवा. ठाण्याचं आधार तिथे बाहेरगावचं धरतात, त्यामुळे ‘लोकल आयडी चालत नाही’ची कटकट होत नाही.

पावसाळी वेळापत्रकात गाडी सावकाश चालते, थिवी तासभर तरी उशिरा धरा. जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी आलं आणि मार्गच बंद पडला होता, म्हणून पावसाळ्यात परतीच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसची मीटिंग ठेवू नये. किनाऱ्यावरचे शॅकही त्या दिवसांत उतरवलेले असतात.

परतीची गाडी संध्याकाळी थिवीला असते आणि पनवेलला पहाटे अंधारात पोचते. तिकीट मी ठाण्यापर्यंतचं काढतो. पनवेलला जाग आली तर उतरायचं, नाही आली तर ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल आहेच.