खटला थेट दाखवायचा, तर साक्षीदाराचं काय?

२०१४ साली दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियात धावपटू ऑस्कर पिस्टोरियसवर खुनाचा खटला चालला. सुनावणीचा आवाज थेट प्रसारित करायला परवानगी होती. चेहरा दाखवायचा की नाही, हे सरकारी बाजूच्या साध्या साक्षीदारांच्या मर्जीवर सोडलं होतं. तरी सुरुवातीलाच एका वाहिनीने साक्षीदार महिलेच्या आवाजाबरोबर दुसरीकडून मिळवलेला तिचा फोटो झळकवला. न्यायाधीश थोकोझिले मासिपा यांनी चौकशी लावली. मग दुसऱ्या एका साक्षीदाराचा मोबाइल नंबर भर कोर्टात वाचला गेला आणि त्याला अनोळखी फोन सुरू झाले. 'खोटं का बोलतोस' असा निरोपही आला. म्हणजे 'फक्त आवाज' हा पर्याय ऐकायला सुरक्षित वाटतो, तेवढा तो नाही.

दुसऱ्या टोकाला सगळंच थेट दाखवणं. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत हे चालतं, संघीय न्यायालयांत मात्र फौजदारी खटल्याचं प्रक्षेपण आजही बंद आहे. १९६५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने टीव्हीच्या गोंधळामुळे एक शिक्षाच रद्द केली. १९८१ साली त्याच न्यायालयाने सांगितलं की कॅमेरा असला म्हणून खटला आपोआप अन्यायकारक ठरत नाही. काटछाट नाही, म्हणून लपवाछपवीचा संशयही नाही, हा याचा मोठा फायदा. पण ज्याची साक्ष व्हायची आहे त्याला कोर्टाबाहेर बसवतात ते कशासाठी? आधीच्याचं ऐकून त्याने आपलं बोलणं जुळवू नये म्हणून. थेट प्रक्षेपणात तो बाहेर बसून मोबाइलवर सगळं ऐकतो.

नेदरलँड्समधल्या हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयांची पद्धत मला सगळ्यांत विचारपूर्वक वाटते. युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठीच्या न्यायाधिकरणात प्रक्षेपण ३० मिनिटं उशिराने जायचं; गरज असेल तिथे टोपणनाव, बदललेला आवाज, धूसर केलेला चेहरा. बोलता बोलता गावाचं किंवा नातेवाइकाचं नाव निसटलं, तर त्या अर्ध्या तासात ते कापता येतं. आरोपीला साक्षीदार बहुतेक वेळा माहीतच असतो, त्यामुळे हा पडदा त्याच्यासाठी नसतो. तो असतो आरोपीच्या माणसांसाठी आणि साक्षीदाराच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी. अडचण एकच: पूर्ण सुनावणीभर कुणीतरी बटणावर हात ठेवून बसावं लागतं. रोज ढीगभर खटले चालवणाऱ्या कोर्टाला हे झेपणारं नाही.

इंग्लंडने सोपी वाट काढली. जुलै २०२२पासून क्राउन कोर्टात, म्हणजे गंभीर फौजदारी खटले चालतात तिथे, शिक्षा सुनावणारे न्यायाधीश तेवढे कॅमेऱ्यासमोर. साक्षीदाराला धोका शून्य, पण शिक्षा का झाली हे कळतं, गुन्हा सिद्ध कसा झाला ते दिसत नाही.

भारतात २०१८ साली दोन्ही बाजूंचे निकाल आले. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने थेट प्रक्षेपणाला मान्यता दिली आणि डिसेंबरमध्ये साक्षीदार संरक्षण योजना लागू केली. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने (कोर्टांच्या डिजिटल कामकाजासाठीची समिती) केलेल्या आदर्श नियमांत साक्ष नोंदवणं आणि उलटतपासणी प्रक्षेपणातून वगळली आहे. (आपल्याकडे 'इन कॅमेरा' सुनावणी म्हणजे नेमकी जिथे कॅमेराच काय, बाहेरचं माणूसही नसतं. नवख्या बातमीदारांची इथे हमखास गफलत होते.)

नियम मला ठरवायचे असते, तर मी या भारतीय आदर्श नियमांच्या जवळ राहिलो असतो, एक फरक करून. युक्तिवाद आणि निकाल थेट दाखवावेत. तपास अधिकारी आणि सरकारी तज्ज्ञ यांची साक्षही दाखवायला हरकत नाही. ते नोकरीचा भाग म्हणून पिंजऱ्यात उभे राहतात. पण ज्याने रस्त्यावरून जाताना काही पाहिलं, त्याची साक्ष प्रसारित होऊ नये. त्या वेळी कोर्टाचं दार मात्र उघडं असावं आणि बातमीदार आत बसलेले असावेत. खुलं न्यायालय म्हणतात ते याला. क्लिप फिरत राहणं ही वेगळी गोष्ट आहे. हेगची पद्धत सामूहिक हत्याकांडासारख्या खटल्यांसाठी राखावी, कारण तिथे घडलेलं नाकारणारेच पुष्कळ असतात आणि साक्ष लोकांपर्यंत जाणं गरजेचं असतं.

साक्षीदाराची संमती घ्यायची असेल, तर ती समन्स बजावतानाच घ्यावी. पिंजऱ्यात उभं केल्यावर, समोर कॅमेरा आणि शेजारी वकील असताना 'तुमची काही हरकत?' असं विचारलं, तर फार थोडी माणसं 'आहे' म्हणतात.