श्रीयंत्र घ्यायचंय: सपाट की मेरू?

श्रीयंत्र मागितलं की दुकानदार आधी विचारतो, सपाट देऊ की मेरू? आमच्या देव्हाऱ्यात दोन्ही नांदून झाली आहेत, म्हणून चार शब्द. आकृती दोन्हींत तीच: खाली टोकाचे पाच आणि वर टोकाचे चार त्रिकोण, त्यांच्या छेदांतून झालेले 43 लहान त्रिकोण, भोवती पाकळ्या, शेवटी भूपुर, म्हणजे बाहेरची चौकट. सपाट यंत्रात, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर, हे एका पातळीत असतं, मेरूत पायरीपायरीने मधल्या बिंदूपर्यंत चढतं.

दिसायला मेरूच सरस. पितळी मेरूवर समईचा उजेड पडला की एकेक कड उठून दिसते, आलेला पाहुणा हटकून विचारतो. पण आमचा देव्हारा भिंतीवरचा. आपण पाटावर बसणार, मेरू नजरेच्या वर, मग दिसतो तो नुसता चढ. बिंदू दिसतच नाही. सपाट यंत्र मागे टेकवून उभं केलं की नजर भूपुरातून आत सरकत बिंदूवर टेकते.

एवढं असूनही मेरू राहिला असता. नडलं ते कुंकू. शुक्रवारी कुंकुमार्चन झालं की शनिवारी धुवायला घ्यायचं, तर त्रिकोणांच्या बेचक्यांत ओलं कुंकू घट्ट बसलेलं. टूथब्रशचे केस तिथवर पोचत नाहीत, उदबत्तीची काडी मोडते आणि अर्धी आतच राहते. उरलेल्या कुंकवाची काळपट पुटं धरतात आणि पुढच्या अभिषेकाला तीच सुटून लालसर पाण्याने खालचं वस्त्र रंगवतात. पत्र्याचं तसं नाही. चिंच-मीठ चोळा, धुवा, लगेच कोरडं पुसा. तांबं काळवंडतं, दर आठवड्याला हात फिरवावा लागतो, पण तो हात सगळीकडे पोचतो.

घरातली ऊर्जा कशाने जास्त सुधारते म्हणाल, तर ती मोजायचं साधन माझ्याकडे नाही. संध्याकाळी दिवा लावून बसल्यावर मन किती लवकर थाऱ्यावर येतं, एवढंच माझं माप, आणि त्यात मला पत्रा उजवा वाटला. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो. वेगळी देवघराची खोली असेल, बुटक्या चौरंगावर यंत्र वरून दिसत असेल आणि पूजा फुलं-अक्षतांचीच असेल, तर मेरू खुशाल घ्या. फक्त मेरूची नित्यपूजा चुकवू नये असं बरेच गुरुजी सांगतात. वरचेवर गावाला जाणाऱ्यांनी तेवढा विचार करावा.

पत्रा घेणार असाल तर छापील नको, चोळून चोळून रेघा पुसट होतात. कोरीव घ्या, आणि पैसे देण्याआधी तीन रेघा जिथे मिळायला हव्यात त्या जागा नीट बघा. स्वस्तातल्या यंत्रात तिथे हमखास एक नको असलेला चिमुकला त्रिकोण निघतो.