हृदयजन्य शॉक आणि सेप्टिक शॉक: स्नायूंमध्ये काय वेगळं घडतं?

हृदयजन्य शॉक म्हणजे हृदय नीट रक्त ढकलू न शकल्याने आलेला, सेप्टिक शॉक म्हणजे गंभीर जंतुसंसर्गातून आलेला. रक्तदाब दोन्हींत कोसळतो, लॅक्टेट (पेशी अडचणीत असल्याची रक्तातली खूण) दोन्हींत वाढतं. पण हातापायांच्या स्नायूंत डोकावलं की चित्र पार वेगळं दिसतं.

हृदयजन्य शॉकचं गणित सरळ आहे. पंप कमजोर, म्हणून शरीर स्नायूंकडे जाणाऱ्या बारीक धमन्या आवळतं आणि रक्त मेंदूकडे, हृदयाकडे वळवतं. हात गार पडतात. मिळालेल्या थोड्या रक्तातून स्नायू जमेल तितका ऑक्सिजन ओढून घेतो.

सेप्टिक शॉक फसवा. शरीरात तयार होणाऱ्या नायट्रिक ऑक्साइड या वायूमुळे रक्तवाहिन्या सैलावतात, सलाइन दिल्यावर हृदय अनेकदा भरपूर रक्त ढकलतं, हात उबदार लागतो. नातेवाइकांना हायसं वाटतं. मला तिथेच काळजी वाटते. कारण केशवाहिन्यांतलं (सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांतलं) रक्ताचं वाटपच बिघडलेलं असतं. काही बंद पडतात, शेजारच्या काहींतून रक्त नुसतं धावत निघून जातं. आतलं अस्तर खराब होतं, तांबड्या पेशी ताठरतात, पांढऱ्या चिकटून बसतात. ऑक्सिजन दाराशी येऊनही स्नायूला उचलता येत नाही आणि शिरेतल्या रक्तात तो शिल्लक राहतो.

हे मोजताही येतं. अंगठ्याच्या बुडाच्या मांसल भागावर इन्फ्रारेड सेन्सर लावायचा, दंडाला पट्टा आवळून रक्त सुमारे ३ मिनिटं अडवायचं. सोडल्यावर निरोगी स्नायूत ऑक्सिजन झपाट्याने परततो, सेप्टिक रुग्णात रेंगाळतो.

म्हणूनच रक्तवाहिन्या आवळणाऱ्या नॉरअॅड्रेनलिन या औषधाने सरासरी रक्तदाब ६५ मिमी पाऱ्यावर आणला, तरी केशवाहिन्या सुधारल्याच असं मुळीच धरू नये.